आठवडाभरात दोनच पानं?

शुक्रवारी संध्याकाळी दप्तर उघडून वही चाळणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "आठवडा झाला आणि वहीत दोनच पानं? मग शाळेत केलं काय?" मुलाला विचारलं तर तो "खेळलो" म्हणतो, नाहीतर "काही नाही" म्हणून पळून जातो.

मारुंजीत हा प्रश्न जरा जास्तच ऐकू येतो. मुळशी तालुक्यातलं हे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून आहे. गावठाणातली जुनी घरं, नव्या गृहप्रकल्पांचे उंच मनोरे आणि बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या इथे हाकेच्या अंतरावर आहेत. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना दर सोमवारी मोबाइलवर आठवड्याचं नियोजन येतं. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांच्या पालकांना ते येतंच असं नाही. मग तुलना सुरू होते. त्याच्या तीन वह्या भरल्या, आपल्याची अर्धीही नाही!

पण वह्यांची पानं मोजून पहिली-दुसरीचं शिकणं मोजता येत नाही. या वयाच्या आठवड्यात नवं थोडं असतं, सराव पुष्कळ असतो आणि त्यातला बराचसा कागदावर उमटतच नाही. तो कुठे उमटतो, हे आता क्रमाने पाहू.

१. चोवीस तासांचा आठवडा

आधी वेळेचा हिशेब करू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा आणि ८०० तास अध्यापन झालं पाहिजे. साधा भागाकार केला तर दिवसाला ४ तास होतात. सहा दिवसांचा आठवडा धरला तर २४ तास. एवढ्या वेळात भाषा, गणित, इंग्रजी, खेळ, चित्र आणि गाणी बसवायची असतात.

याच कायद्यानं प्राथमिक वर्गांत साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवलं आहे. बाईंनी प्रत्येक मुलाला जवळ बसवून फक्त दोन मिनिटं वाचून घेतलं, तरी त्यात पूर्ण एक तास जातो. तीस मुलांची पेन्सिल धरण्याची पद्धत पाहायची तर आणखी एक तास. या दोन तासांत वहीचं एकही पान भरत नाही. तरीही आठवड्यातले सगळ्यात मोलाचे तास हेच असतात, कारण कोणतं मूल नेमकं कुठे अडलंय हे बाईंना तेव्हाच कळतं.

मूल शाळेत कोणत्या अवस्थेत पोचतं, यालाही महत्त्व आहे. लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. अर्धवट झोपेतल्या मुलाला चोवीस तासांतले किती तास खरोखर मिळतात, हा विचार त्यामागे आहे.

२. 'आई' वाचता आलं, पुढे काय?

आता भाषेकडे वळू. आजी-आजोबा पाटीवर अ, आ, इ, ई या क्रमाने शिकले. नातवाच्या वहीत मात्र आधी 'म' येतो, मग 'क', मग काना. हा क्रम कुणी बिघडवला, असं त्यांना वाटतं.

समजा, मुलाने पहिल्या आठवड्यात अ, आ, इ, ई ही चार अक्षरं पक्की केली. आता त्याला शब्द कोणता वाचता येईल? 'आई'. त्यापुढे अडलंच.

आता दुसरं मूल म, न, क, ल ही चार अक्षरं आणि काना शिकलं असं समजा. त्याला वाचता येणारे शब्द मोजू: कान, नाक, काम, मान, माल, लाल, काल, मका, कलम, मलम, कमल, नमन, कमान, कमाल, काका, मामा, नाना. हे सतरा झाले. चार अक्षरं आणि एका खुणेत मुलाला वाचनाची गोडी लागते, कारण वाचलेल्या प्रत्येक शब्दाला त्याच्या ओळखीचा अर्थ असतो. म्हणून बालभारतीच्या अलीकडच्या पुस्तकांतही अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने न येता गटागटाने येतात.

लिहिण्याचा क्रम आणखी वेगळ्या विचाराने लावता येतो. ग, म, भ, न या चारही अक्षरांच्या शेवटी उभी रेघ आहे. हाताला एक वळण बसलं की पुढचं अक्षर सोपं जातं. 'गमभन' घोटून घेण्याच्या जुन्या पद्धतीमागे हेच शहाणपण आहे. त्यात 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध', 'ब' आणि 'व' अशा जोड्यांत मुलं हमखास गोंधळतात. 'घ'चा 'ध' झाला म्हणून मूल ढ ठरत नाही. दोन आकारांतला बारीक फरक त्याच्या नजरेला अजून पकडता येत नाही, एवढंच. तो पकडायला काही आठवडे जातात.

एकूण काम किती मोठं आहे? मराठीत क ते ळ अशी ३४ व्यंजनं आहेत. बाराखडीत 'ॲ' आणि 'ऑ' मिळवले की चौदाखडी होते. ३४ गुणिले १४ म्हणजे कागदावर ४७६ रूपं झाली. त्यानंतर जोडाक्षरं. त्यातही एकटा 'र' सूर्य, चक्र, राष्ट्र आणि वऱ्हाड या चार शब्दांत चार वेगळी रूपं घेतो. हे सगळं पाठ करायचं नसतं, त्यातला नियम ओळखायचा असतो. 'क'ला काना दिला की 'का' होतो हे खरोखर कळलेलं मूल 'ल'चा 'ला' स्वतःच करतं. तो नियम उमगावा म्हणून बाई आठवडाभर टाळ्या वाजवत शब्द तोडायला लावतात: क-मा-न, तीन टाळ्या. 'का'ने सुरू होणारे शब्द कोण सांगेल? बोट हवेत फिरवून अक्षर काढा. जमिनीवर खडूने मोठ्ठा 'म' काढा आणि त्यावरून चाला. या सगळ्यातून वहीत उतरतो तो एक शब्द, एका ओळीत.

३. बावन्न ऐकून पंचवीस

गणितात मराठी मुलांपुढे एक खास अडचण आहे. बाई म्हणतात, "बावन्न लिहा." पहिल्या बाकावरची मुलगी आधी २ लिहिते, शेजारी ५ लिहिते आणि २५ दाखवते. तिचं कान देऊन ऐकणं अगदी बरोबर आहे. 'बा' म्हणजे दोन, 'वन्न' म्हणजे पन्नास. मराठीत एकक आधी बोलला जातो, दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी येतो. ऐकलेला क्रम आणि लिहायचा क्रम उलटे आहेत.

शिवाय दोन हा अंक वेगवेगळ्या दशकांत रूप पालटतो: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. एकोणपन्नास म्हणायचं, तर पन्नासाला एक कमी हे मनात धरावं लागतं आणि लिहिताना मात्र ४ आणि ९ हे अंक काढावे लागतात. एकोणनव्वदपर्यंत तो नियम चालतो आणि नव्याण्णवला मोडतो. मोठ्या माणसांना हे जाणवत नाही, कारण त्यांनी हे शब्द लहानपणीच तोंडपाठ केलेले असतात.

या अडचणीवर २०१९ मध्ये महाराष्ट्रभर वाद झाला. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांबरोबर 'वीस एक, वीस दोन' अशी वाचण्याची पद्धतही दिली गेली. बालभारतीच्या गणित विषय समितीच्या अध्यक्षा होत्या गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. संख्या जशी लिहितो तशी बोलली तर मुलांना सोपं जाईल आणि जुनी नावं बंद केलेली नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. विरोधकांना भाषेचं नुकसान दिसत होतं. विषय विधिमंडळापर्यंत गेला. अशी अडचण एकट्या मराठीची नाही. नॉर्वेने १९५१ मध्ये आकड्यांची बोलण्याची पद्धत अधिकृतपणे बदलली आणि 'पाच-आणि-वीस'ऐवजी 'वीस-पाच' म्हणायला सुरुवात केली. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना होणारे घोटाळे हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

वर्गात यावरचा उपाय काड्यांचा असतो. आइस्क्रीमच्या काड्या दहा-दहा मोजून रबराने बांधायच्या. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या डाव्या-उजव्या बाजूला ठेवल्या, की ५२ समोर दिसतात. मग तीच संख्या मण्यांच्या माळेवर. मग दहाच्या पाच नोटा आणि एकेकाची दोन नाणी. मुलगी पुन्हा २५ लिहिते. बाई रागावत नाहीत, गठ्ठे दाखवून विचारतात, "गठ्ठे किती?" "पाच." "मग डावीकडे काय?" तिचं खोडरबर आपोआप फिरतं. दशक म्हणजे दहांचा एक गठ्ठा ही एकच कल्पना पक्की व्हायला एक-दोन आठवडे लागले तरी ते भरून निघतात, कारण पुढची हातच्याची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार याच गठ्ठ्यावर उभे आहेत.

४. पुन्हा तेच का?

"मागच्या आठवड्यातही तेच शिकवलं होतं" ही पालकांची दुसरी तक्रार. मारुंजीत रोज कुठे ना कुठे स्लॅब पडतो, म्हणून तिथलंच उदाहरण घेऊ. स्लॅब टाकून झाला की काम थांबलेलं दिसतं, पण निदान सात दिवस त्यावर पाणी मारत राहावं लागतं. त्या दिवसांत इमारत एक इंचही वर जात नाही, तरी काँक्रीटला ताकद येते ती त्याच काळात. घाई करून वर वजन टाकलं तर तडे जातात.

पहिली-दुसरीतला सराव असाच असतो. सोमवारी कळलेलं अक्षर गुरुवारी नव्या शब्दात ओळखता आलं आणि पुढच्या आठवड्यात गोष्टीत भेटल्यावरही ओळखलं, तरच ते आलं म्हणायचं. चांगली शिक्षिका म्हणून तेच अक्षर दर वेळी वेगळ्या वेषात आणते: आज गाण्यात, उद्या फळ्यावरच्या कोड्यात, परवा मैत्रिणीच्या नावात. बाहेरून पाहणाऱ्याला ही पुनरावृत्ती वाटते. मुलाला मात्र दर वेळी ते नव्याने ओळखावं लागतं.

५. घरची भाषा, वर्गाची भाषा

हिंजवडी-चाकण पट्ट्यातल्या वर्गात मुलं एकाच बोलीची नसतात. कुणाचं घर मराठवाड्यातलं, कुणाचं विदर्भातलं, कुणाच्या घरी हिंदी, कन्नड किंवा तेलुगू. वऱ्हाडकडचं मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणतं. त्याच्या कानाला 'ण' वेगळा ऐकूच आलेला नसतो. त्याला 'ण' लिहायला शिकवण्याआधी 'ण' ऐकायला शिकवावं लागतं आणि त्याचं 'पानी' चुकीचं न ठरवता ते करावं लागतं. चुकीचं ठरवलं तर मूल तोंडच मिटून घेतं आणि बोलणं थांबलं की वाचणंही थांबतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान वयात घरच्या भाषेचा आधार घेण्यावर भर दिला आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवलं जातं. २०२२-२३ मध्ये पहिलीला मराठी-इंग्रजी एकत्र असलेली, चार भागांतली पुस्तकं आली. एका वेळी एकच भाग दप्तरात न्यायचा, म्हणजे पाठीवरचं ओझं हलकं. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्यावरून राज्यभर आंदोलन झालं आणि २९ जून २०२५ रोजी सरकारने त्याबद्दलचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. वादात राजकारण होतंच, पण शिक्षकांचा प्रश्न साधा होता: चोवीस तासांच्या आठवड्यात आणखी एक भाषा बसवायची कुठे?

मजुरांच्या मुलांपुढे भाषेखेरीज आणखी एक अडचण असते. बांधकामावरचं काम संपलं की कुटुंब दुसऱ्या ठिकाणी जातं आणि मुलाची शाळा अध्येमध्ये तुटते. आठवडा-आठवड्याने उभं राहणारं शिक्षण अशा मुलासाठी सगळ्यात नाजूक असतं. चार आठवडे बुडाले तर चार धडे नुसते बुडत नाहीत, पुढचे धडेही अधांतरी राहतात.

६. पान न भरणारे तास

पावसाळ्यातला एक नमुन्याचा आठवडा घेऊ. सोमवारी वर्गात पावसावर गप्पा होतात. घरी येताना काय दिसलं, पाणी कुठे साचलं, बेडूक कुणी पाहिला? मंगळवारी प, र, व या अक्षरांचे शब्द: वारा, पान, परवा, नाव. बुधवारी प्रत्येकाने कागदाची नाव करायची आणि सगळ्यांच्या मिळून मोजायच्या. सत्तावीस नावा, म्हणजे दहाचे दोन गट आणि सात सुट्या. गुरुवारी गोष्ट ऐकायची आणि तिचा शेवट आपण सांगायचा. शुक्रवारी चित्र आणि त्याखाली एक ओळ. शनिवारी खेळ. वहीत किती आलं? दोन पानं. शिकलं मात्र ऐकणं, बोलणं, वाचणं, गट करणं, घडी घालणं आणि रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबणं.

यामागे महाराष्ट्राची स्वतःची परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत, आजच्या पालघरात, ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. महागडी परदेशी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी खडे, शिंपले, पानं आणि बिया हीच साधनं केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. पुढे कोसबाडला गुरं चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. आज पहिलीच्या वर्गात बिया रांगेत मांडून मोजणारं मूल त्याच वाटेने चाललेलं असतं.

पहिली-दुसरीत परिसराचा वेगळा विषय नसतो, तो भाषा आणि गणितात मिसळलेला असतो. परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तक तिसरीत येतं. चित्र, हस्तकला आणि कवायतीसाठी 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक आहे. २०२४-२५ पासून शाळांत 'आनंददायी शनिवार'ही सुरू झाला. त्या दिवशी दप्तराला सुट्टी देऊन खेळ, कला आणि जगण्यातली कौशल्यं शिकवायची आहेत.

७. किती आलं, हे कसं ओळखायचं?

खेळ ठीक, पण मोजमाप काही आहे की नाही? आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केलं आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं व पायाभूत गणित यावं, हे उद्दिष्ट ठेवलं. त्याच्या पायऱ्या कोणत्याही पालकाला घरी तपासता येतील अशा आहेत.

पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचं अनोळखी वाक्य वाचावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, संख्या ९९९ पर्यंत. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द आणि संख्या ९९९९ पर्यंत.

इथे 'अनोळखी' हा शब्द कळीचा आहे. धडा पाठ झालेलं मूल पुस्तकावर बोट फिरवत अस्खलित म्हणतं आणि वाचता येतं असा भास होतो. त्याच अक्षरांचं नवं वाक्य समोर ठेवा, मग खरं कळतं. वेगही एकटा पुरत नाही. वाचून झाल्यावर "गोष्टीत काय झालं?" हे विचारायलाच हवं.

मागे पडलेल्या मुलाचं काय, याचं एक उत्तर चाकणच्याच खेड तालुक्यात आहे. जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक दत्तात्रय वारे यांनी मुलांनीच मुलांना शिकवण्याची 'विषयमित्र' पद्धत रुजवली. ज्याला एखादी गोष्ट आली तो दुसऱ्याला समजावतो आणि समजावताना त्याचीही पक्की होते. बाईंना तीस मुलांसाठी न पुरणारी दोन-दोन मिनिटं अशी वाढतात. वाडीवरच्या या छोट्या शाळेला २०२५ मध्ये 'जगातील सर्वोत्तम शाळा' पुरस्कारांमधला लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला.

८. घरून काय विचारावं?

"आज काय शिकवलं?" हा प्रश्न सहा वर्षांच्या मुलासाठी फार मोठा आहे. त्याऐवजी लहान, नेमका प्रश्न विचारावा. बाईंनी आज कोणती गोष्ट सांगितली? कोणतं नवं अक्षर भेटलं, ते या दुकानाच्या पाटीवर शोधून दाखव. डब्यातल्या शेंगांचे दहा-दहाचे ढीग कर, किती झाल्या सांग. राज्यात २०२२ पासून सुरू असलेल्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमात मातांचे गट करून घरच्या वस्तूंनी खेळायच्या अशाच सूचना दिल्या जातात. आई स्वतः शाळेत गेलेली नसली तरी हे सगळं तिला करता येतं.

दुसरी गोष्ट शाळेशी बोलण्याची. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ही समिती छताच्या गळतीवर आणि पाण्याच्या टाकीवर बोलते, ते आवश्यकच आहे. तिने शिकण्यावरही बोलावं. येत्या आठवड्यात कोणती अक्षरं, कोणती संख्या आणि कोणती गोष्ट घेणार, हे सोमवारी फळ्यावर किंवा शाळेच्या दारावर दोन ओळींत लिहिलं जावं, अशी मागणी पालकांनी तिथे करावी. मग मोबाइलवर नियोजन न येणाऱ्या घरालाही आठवडा कळेल. पुढच्या बैठकीला जरूर जा आणि वह्यांच्या पानांआधी हे विचारा: माझ्या मुलाला या आठवड्यात नवं काय वाचता आलं?